फेनोक्रिस्ट की झेनोक्रिस्ट? पोटॅशियमवाल्या लाव्हाचं मूळ शोधायच्या आधी हे ठरवा

पोटॅशियमने गच्च भरलेल्या ज्वालामुखी खडकाचा थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप, मायक्रोस्कोपखाली ठेवला की बारीक दाण्यांच्या मॅट्रिक्समध्ये मोठे मोठे क्रिस्टल उठून दिसतात, ऑलिव्हिन म्हणजे ते मॅग्नेशियम-लोहाचं हिरवट खनिज असतं, फ्लोगोपाइट म्हणजे तो तपकिरी अभ्रक असतो, क्लिनोपायरॉक्सिन असतं, काही ठिकाणी ल्युसाइट ह्या पोटॅशियमवाल्या खनिजाचे गोलसर दाणे असतात. आणि मग बरेचजण ह्या सगळ्या मोठ्या क्रिस्टलना सरसकट फेनोक्रिस्ट म्हणून मोकळे होतात. इथेच गडबड होते. फेनोक्रिस्ट म्हणजे त्याच मॅग्मात जन्मलेला, तिथेच वाढलेला क्रिस्टल. झेनोक्रिस्ट म्हणजे मॅग्मा वर येताना वाटेतल्या दुसऱ्याच खडकातून सुटून आत पडलेला, थोडक्यात पाहुणा. दिसायला दोघं सारखेच, खनिजही तेच, कधीकधी आकारही तोच, पण एक मॅग्माची गोष्ट सांगतो आणि दुसरा वाटेतल्या दगडाची, आणि ह्या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की मूळ शोधण्याचा सगळा हिशोब चुकतो.

साध्या बेसाल्टमध्येही हा फरक महत्त्वाचा आहेच, पण पोटॅशियमवाल्या खडकांत तो जास्त का बोचतो ते बघा. अल्ट्रापोटॅसिक म्हणायचं तर खडकात पोटॅशियम ऑक्साइड ३ टक्क्यांच्या वर हवं, मॅग्नेशियम ऑक्साइडही ३ टक्क्यांच्या वर हवं, आणि पोटॅशियम ऑक्साइड हे सोडियम ऑक्साइडच्या दुपटीपेक्षा जास्त हवं. आता मँटल, म्हणजे प्रावरण, त्यात पोटॅशियम सरासरी काही शे पीपीएम (दहा लाख भागांत काही शे भाग), त्याहून जास्त नाही. एवढ्या कंगाल दगडातून ७-८ टक्के पोटॅशियम ऑक्साइडचा मॅग्मा सरळ वितळून येणं कठीणच. म्हणजे मँटलमध्ये आधी कधीतरी कुणीतरी पोटॅशियम नेऊन ठेवलेलं असणार, बहुतेक फ्लोगोपाइटच्या शिरांच्या रूपात, किंवा मग मॅग्माने वर येताना भूकवचातलं काहीतरी गिळलं असणार. ‘मुळातच होतं’ की ‘वाटेत मिसळलं’ हाच ह्या क्षेत्रातला जुना वाद आहे, आणि केमिस्ट्री दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसते, कारण दोन्हीकडे मूळ माल भूकवचाचाच असतो. स्पेनच्या लॅम्प्रोइटमध्ये, म्हणजे अल्ट्रापोटॅसिक खडकांच्याच एका प्रकारात, स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर (स्ट्रॉन्शियम-८७ भागिले ८६) ०.७२ च्या आसपास जातं, जे मँटलपेक्षा खंडीय भूकवचाला शोभणारं आहे. आता नुसत्या ह्या आकड्यावरून ते कुठे मिसळलं हे कसं सांगणार?

म्हणून क्रिस्टलकडे जायचं. आणि अख्खा खडक कुटून त्याची पावडर अॅनालाइज करण्यात काय धोका आहे ते एका हिशोबात कळेल. समजा खऱ्या मॅग्मात मॅग्नेशियम ऑक्साइड ९ टक्के होतं आणि निकेल २०० पीपीएम. त्यात मँटलमधून सुटलेलं ऑलिव्हिन १० टक्के पडलं, ज्यात मॅग्नेशियम ऑक्साइड ५० टक्के आणि निकेल ३००० पीपीएमच्या आसपास असतं. झालं, पावडरमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड १३ टक्के आणि निकेल ४८० पीपीएम दिसणार. वाचणारा म्हणेल, वा, हा तर मँटलमधून थेट आलेला, न बदललेला मॅग्मा! आणि गंमत म्हणजे पोटॅशियम-सोडियमचं गुणोत्तर जसंच्या तसं राहतं, कारण ऑलिव्हिनमध्ये दोन्ही जवळपास नसतातच, त्यामुळे संशयही येत नाही.

मग ओळखायचं कसं? आधी डोळ्याने, आणि हे काम घाईने करू नये असं माझं ठाम मत आहे. फेनोक्रिस्ट ऑलिव्हिन मोकळ्या मॅग्मात वाढलेलं असतं म्हणून त्याच्या कडा सरळ, कोन नीट, क्रिस्टलचा आकार ओळखू येतो, आत बऱ्याचदा छोटे स्पिनेलचे (क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइड खनिजाचे) काळे दाणे आणि मॅग्माचे अडकलेले थेंब असतात. मँटलचं ऑलिव्हिन मात्र कडेने खाल्लेलं, गोलसर, आणि क्रॉस पोलराइज्ड प्रकाशात (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलराइजरमधून बघताना) स्टेज, म्हणजे नमुन्याची तबकडी, फिरवली की खरी ओळख पटते, अख्खा दाणा एकदम काळा होत नाही, पट्ट्यापट्ट्याने होतो, एक पट्टा काळा झाला की शेजारचा अजून उजळ असतो, मग थोडं फिरवलं की तो काळा होतो. ह्या किंक बँड. घन दगडात असताना दाबाखाली क्रिस्टल वाकला, त्याच्या ह्या खुणा. द्रवात तरंगत वाढलेल्या क्रिस्टलला कोण वाकवणार? त्यामुळे किंक बँड दिसले की मी तरी तो दाणा लगेच पाहुण्यांच्या रांगेत टाकतो. उलटं मात्र चालत नाही हं, किंक बँड नाहीत म्हणजे फेनोक्रिस्ट असं नाही.

मग केमिस्ट्री. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियमचा वाटा किती, तो फॉर्स्टेराइट आकड्याने सांगतात. ऑलिव्हिन आणि मॅग्मा ह्यांच्यात लोह-मॅग्नेशियमची वाटणी साधारण ठरलेली असते, गुणांक ०.३ च्या आसपास, हे १९७० पासून प्रयोगांनी माहिती आहे. म्हणजे फॉर्स्टेराइट ८८ चं ऑलिव्हिन ज्या मॅग्मात वाढेल त्याचा मॅग्नेशियम नंबर (लोह आणि मॅग्नेशियमच्या एकूण अणूंपैकी मॅग्नेशियम किती टक्के) साधारण ६९ असणार, आणि फॉर्स्टेराइट ९२ वाढायला तो ७७-७८ लागणार. तुमच्या मॅग्माचा नंबर ६९ आणि कोअर, म्हणजे दाण्याचा गाभा, ९२ चा असेल तर तो कोअर एकतर बाहेरचा आहे किंवा मॅग्मा आधी जास्त मॅग्नेशियमवाला होता. एक सावधगिरी, हा हिशोब फक्त फेरस (दोन प्रभाराच्या) लोहावर करायचा, पोटॅशियमवाल्या मॅग्मात बरंचसं लोह फेरिक (तीन प्रभाराचं) असू शकतं आणि ते विसरलं की सगळे आकडे सरकतात.

दुसरी नेहमीची कसोटी कॅल्शियमची. मँटलच्या ऑलिव्हिनमध्ये कॅल्शियम ऑक्साइड ०.१ टक्क्याच्या खाली, बहुतेक बेसाल्टी फेनोक्रिस्टमध्ये त्याच्या वर. ही कसोटी सोपी आहे म्हणून लोकांना फार आवडते, पण लॅम्प्रोइटमध्ये ती डोळे झाकून वापरू नका, कारण लॅम्प्रोइटचा मॅग्मा मुळातच कॅल्शियमने गरीब, त्यात वाढलेल्या अस्सल फेनोक्रिस्टमध्येही कॅल्शियम कमीच येणार. इथे एका आकड्यावर निकाल न देता आकार, आतले दाणे, निकेल, मॅंगनीज, झोनिंग (गाभ्यापासून कडेपर्यंत बदलत जाणारी रचना) हे सगळं एकत्र बघावं लागतं.

एकदा वेगळे केले की मग मजा सुरू होते, कारण दोघंही कामाचेच आहेत, फक्त प्रश्न वेगळे.

फेनोक्रिस्टला विचारायचं, मॅग्मा कुठून आला. भूमध्य सागराभोवतीचे लॅम्प्रोइट घ्या, स्पेन, इटलीतलं टस्कनी, सर्बिया, तुर्कस्तान. त्यांच्यात खूप जास्त मॅग्नेशियमवाली ऑलिव्हिन मिळतात, आणि त्यांच्या आतलं स्पिनेल क्रोमियमने भरलेलं. असं स्पिनेल सांगतं की मूळ मँटल आधीच पिळून निघालेलं होतं, त्यातला वितळण्याजोगा भाग कधीच निघून गेला होता. मग पोटॅशियम आलं कुठून? अशा पिळलेल्या मँटलमध्ये नंतर सबडक्शनने (एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसण्याने) खाली नेलेल्या गाळाचा अंश मुरला, शिरा तयार झाल्या, आणि पुढे त्या शिरा आणि आजूबाजूचा दगड मिळून वितळला. ह्याच ऑलिव्हिनमध्ये लिथियमही नेहमीपेक्षा जास्त मिळतं, तेही खंडीय गाळाकडेच बोट दाखवतं. आणि इथे वर म्हटलेला वाद बराचसा सुटतो, कारण इतक्या मॅग्नेशियमवालं ऑलिव्हिन हा मॅग्मातला अगदी पहिल्या क्रिस्टलपैकी एक, वाटेत भूकवच भरपूर गिळलेल्या मॅग्मात मॅग्नेशियम खाली घसरलेलं असतं, तिथे असे दाणे तयार होणार नाहीत. पहिल्याच क्रिस्टलमध्ये भूकवचाची सही असेल तर ती सही मुळातली आहे. पण हा सगळा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे, की तो दाणा फेनोक्रिस्टच आहे. तो झेनोक्रिस्ट निघाला तर मॅग्माबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

इटलीतच अजून एक छान जोडी आहे. टस्कनीच्या ल्युसाइट नसलेल्या लॅम्प्रोइटमध्ये ऑलिव्हिनला निकेल जास्त, आणि रोमच्या आसपासच्या ल्युसाइटवाल्या खडकांत निकेल कमी, कॅल्शियम जास्त. ह्याचा अर्थ असा लावतात की पहिल्या ठिकाणी मँटलमध्ये सिलिकायुक्त चिकणमातीचा गाळ मुरला, तिथे ऑलिव्हिन खाऊन पायरॉक्सिन झालं, आणि ऑलिव्हिन उरलं नाही की निकेल धरून ठेवणारं कोणी राहत नाही, ते मॅग्मात जातं. दुसऱ्या ठिकाणी कार्बोनेटवाला गाळ मुरला, तिथे मँटलमध्ये उलट नवं ऑलिव्हिन वाढलं आणि त्याने निकेल वाटून घेतलं. मला ह्या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर धागा वाटतो, दोन्ही खडक पोटॅशियमवाले, अंतर फार नाही, आणि पीपीएममधल्या निकेलवरून खाली कोणता गाळ गेला होता ते कळतं.

पण त्याच भागात सापळाही आहे. व्हेसुव्हियस आणि रोमजवळच्या आल्बान टेकड्यांखाली चुनखडी आहे, मॅग्मा तिला भिडला की स्कार्न, म्हणजे मॅग्माच्या उष्णतेने आणि द्रवांनी बदललेला खडक, तयार होतो, आणि स्कार्नमध्येही ऑलिव्हिन असतं, तेही भरपूर मॅग्नेशियमवालं! फक्त फॉर्स्टेराइट आकडा बघणाऱ्याला ते मँटलचं वाटेल, किंवा फारच प्रिमिटिव्ह (न बदललेल्या मॅग्मातलं) फेनोक्रिस्ट वाटेल. निकेल बघितलं की खरं कळतं, चुनखडीत निकेल कुठून येणार, ते अगदीच कमी असतं. म्हणजे पाहुणे फक्त खालून नाही, बाजूच्या भिंतीतूनही येतात.

आता झेनोक्रिस्टला काय विचारायचं? तो मॅग्माचं मूळ सांगत नाही, पण मॅग्मा ज्या दगडातून गेला त्याचा नमुना फुकटात वर आणून देतो. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण हिरा. ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइलच्या लॅम्प्रोइटचं वय साधारण १.२ ते १.३ अब्ज वर्षं, आणि तिथल्या हिऱ्यांच्या आतल्या खनिजांवरून हिऱ्यांचं वय आलं साधारण १.५८ अब्ज वर्षं. म्हणजे हिरे त्या मॅग्मात बनलेच नाहीत, ते आधीपासून मँटलमध्ये बसून होते, मॅग्माने फक्त वाहतूक केली. हिरा बघून मॅग्मा हिऱ्याच्या दगडातूनच वितळला म्हणणं म्हणूनच चूक.

शिवाय झेनोक्रिस्ट घड्याळाचं काम करतो. मँटलचं ऑलिव्हिन मॅग्मात पडलं की कडेकडून लोह आत शिरायला लागतं आणि मॅग्नेशियम बाहेर जायला लागतं, मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनच्या झोताने एकेका बिंदूची रचना मोजणाऱ्या यंत्राने) कडेपासून मध्यापर्यंत ठिपक्याठिपक्याने मोजत गेलं की वक्र मिळतो, आणि तापमान माहिती असेल तर तो दाणा मॅग्मात किती काळ होता ते काढता येतं. वक्र तीव्र आणि अरुंद असेल तर थोडाच वेळ, पसरट असेल तर जास्त. फेनोक्रिस्टमध्ये हे इतकं सरळ नसतं, तिथे झोनिंग वाढताना झालं की नंतर डिफ्युजनने (अणूंच्या आतबाहेर सरकण्याने), हे आधी सोडवावं लागतं.

आणि मग ते दाणे जे कुठल्याच खान्यात नीट बसत नाहीत, खऱ्या नमुन्यांत हेच भरपूर. कोअर मँटलचा आणि त्यावर मॅग्मात वाढलेली नवी रिम, म्हणजे बाहेरची कड, असा दाणा अर्धा पाहुणा अर्धा घरचा, आणि मोजणाऱ्या लेझरचा ठिपका मोठा ठेवला तर दोघांची सरासरी येते जी कुणाचीच नसते. रोमन भागातल्या क्लिनोपायरॉक्सिनमध्ये हिरवे, लोहवाले कोअर आणि त्याभोवती रंगहीन डायोप्साइडची (मॅग्नेशियमवाल्या क्लिनोपायरॉक्सिनची) रिम दिसते. हे हिरवे कोअर बऱ्याचदा त्याच ज्वालामुखीच्या आधीच्या, थंड होत आलेल्या मॅग्मातले, नवा गरम मॅग्मा आला आणि त्याने ते उचलले. ह्यांना अँटेक्रिस्ट म्हणतात, आणि ह्यांना झेनोक्रिस्टमध्ये ढकलू नये, कारण हे परके नाहीत, त्याच घराण्यातले आहेत, ते खाली मॅग्मा किती वेळा भरला ते सांगतात. मूळ शोधायला मात्र हे कोअर नकोत, ते फार बदललेल्या मॅग्मातले असतात.

फ्लोगोपाइटबद्दल थोडक्यात, कारण पोटॅशियम तिथेच असतं म्हणून लोक आधी त्याच्याकडेच धावतात. मँटलमधल्या फ्लोगोपाइटमध्ये अॅल्युमिनियम जास्त, टायटॅनियम कमी, तर लॅम्प्रोइटमध्ये वाढलेल्या फ्लोगोपाइटमध्ये टायटॅनियम जास्त आणि अॅल्युमिनियम कमी, रिमकडे तर अॅल्युमिनियम इतकं कमी पडतं की त्याची जागा फेरिक लोह घेतं. एकाच दाण्यात कोअर पहिल्या प्रकारचा आणि रिम दुसऱ्या प्रकारची असेल तर रिम मॅग्माची धरा, कोअर वेगळा मोजा आणि टेबलमध्ये दोन ओळींत लिहा, सरासरी काढू नका.