अध्यात्म : अर्थ आणि गोव्यातील वापर

अध्यात्म (नपुंसकलिंगी) म्हणजे आत्म्याविषयीचे चिंतन, ज्ञान आणि साधना. 'अधि' आणि 'आत्मन्' मिळून हा शब्द झाला. गीतेच्या ८व्या अध्यायात त्याची व्याख्या 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते' इतक्या थोडक्यात उरकली आहे. १०व्यात अध्यात्मविद्या सर्व विद्यांत श्रेष्ठ मानली आहे. विशेषण 'आध्यात्मिक'. सप्ताहाच्या पत्रिकांत 'अध्यात्मिक' सर्रास छापतात, पण व्याकरणाने पहिला स्वर दीर्घच हवा.

'स्पिरिच्युॲलिटी'ला प्रतिशब्द म्हणून आज हाच वापरतात, मात्र जोडी पुरती जुळत नाही. तो इंग्रजी शब्द लॅटिन 'स्पिरितुस'वरून, म्हणजे श्वासावरून आला. शिवाय मराठीत 'आध्यात्मिक'चा एक जुना अर्थ अगदी देहाचा आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध ताप सांगितले आहेत. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्यामुळे जे भोगावे लागते तो आध्यात्मिक ताप, आणि त्याच्या यादीत खरूज, नारू, गोवर अशी नावे येतात! गोवर आलेल्या पोराचा त्रास 'स्पिरिच्युअल' आहे, असे आज कोणी म्हणणार नाही. संतांच्या बोलण्यात आत्मचिंतनाच्या अर्थाने 'परमार्थ' अधिक रुळलेला होता, प्रपंचाच्या जोडीचा.

गोव्यात 'अध्यात्म' हा शब्द भजन-कीर्तनाच्या वाटेने आला. घरात कोंकणी बोलणारी कुटुंबेही देवळात अभंग मराठीत म्हणतात, पुराण मराठीत ऐकतात. वास्कोच्या दामोदर सप्ताहात २४ तास अखंड भजन चालते. पेडणे भागात अठराव्या शतकातील नाथपंथी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आजही घरोघरी आहे. तिथले सरकारी महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे. पण गंमत अशी की गावच्या देवकार्याला कोणी अध्यात्म म्हणत नाही. देवाला कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, रोट (जाड भाकरी) देणे ही झाली रीत. अध्यात्म म्हणजे बुवांनी निरूपणात सांगायचे ते. 'तो हल्ली अध्यात्मात पडलाय' या वाक्यात कौतुक किती आणि काळजी किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरते. 'मला अध्यात्म शिकवू नकोस' यात तर उघड वैतागच असतो.

ख्रिस्ती परंपरेने शब्दांची निवड वेगळी केली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत आहे आणि त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. कोंकणी प्रार्थनेत मात्र 'इस्पिरिता सांता' हे पोर्तुगीज वळणाचे नाव दीर्घकाळ टिकले. आता 'पवित्र आत्मो' म्हणतात, त्यामुळे देवळातला आणि इगर्जीतला (चर्चमधला) शब्द निदान 'आत्मन्' या एका मूळ शब्दावर तरी आले.

अलीकडे हरमल, मांद्रे किनाऱ्यांवर योग आणि ध्यानाची शिबिरे भरतात. वर्तमानपत्रे 'आध्यात्मिक पर्यटन' लिहितात, सरकारही तेच म्हणते. या नावाखाली आठवड्याचे मौनशिबिरही येते आणि मंगेशी-शांतादुर्गेला नारळ ठेवून संध्याकाळी परतणारी बसही. बसमधल्यांना विचारले तर ते सांगतील, 'देवदर्शनाला गेलो होतो.'