बार्सिलोना की व्हॅलेन्सिया? हिवाळ्यात दोघंच जाणार असाल तर

स्पेनला जायचं ठरलं की बहुतेक जोडप्यांच्या यादीत बार्सिलोना सगळ्यात वर असतं आणि व्हॅलेन्सिया 'जमलंच तर एक दिवस' म्हणून खाली कुठेतरी. यादीपुरतं पाहिलं तर दोन्ही शहरं सारखीच वाटतात. भूमध्य समुद्राचा एकच किनारा, मध्ये रेल्वेचा सुमारे तीन तासांचा प्रवास, जुन्या अरुंद गल्ल्या, गॉथिक कॅथेड्रल, छपराखालचा मोठा बाजार आणि शहराला लागून वाळूची चौपाटी. शेंगेन व्हिसाही एकच. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत, चार-पाच दिवसांसाठी दोघंच जाणार असाल, तर या दोन शहरांतला फरक पहिल्याच दिवशी कळतो. माझं मत आधीच सांगून टाकते: मुक्काम व्हॅलेन्सियात ठेवा आणि बार्सिलोनाला दीड-दोन दिवस द्या.

हवामानावरून निवड करू नका, त्यात फारसा फरक नाही. जानेवारीत बार्सिलोनाचं दुपारचं तापमान 14-15 अंशांच्या आसपास असतं, व्हॅलेन्सियाचं त्याहून दोन-एक अंश जास्त. रात्री दोन्हीकडे जाड जॅकेट लागतं. समुद्रात पोहायचा विचार सोडून द्या, पाणी गारठलेलं असतं. खरी अडचण उजेडाची आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो. म्हणजे उजेड मिळतो जेमतेम सव्वानऊ तास. ते तुम्ही एकमेकांसोबत कसे घालवता, यावर सगळी सहल ठरते.

बार्सिलोनात हे तास तिकिटांच्या हिशेबात जातात. गौदी या वास्तुकाराचं साग्रादा फामिलिया चर्च, त्याचीच पार्क ग्वेल ही बाग आणि कासा बाट्यो हे घर, या सगळ्यांची तिकिटं ठराविक वेळेची आणि आधीच ऑनलाइन काढायची. एका ठिकाणी रेंगाळलात की पुढची वेळ हुकते. दोघांपैकी एकाला वास्तुकलेचं वेड असेल आणि दुसरा नुसताच सोबत आला असेल, तर दुपारपर्यंत चेहरे उतरतात.

पण दोघांनाही मनापासून आवड असेल, तर हिवाळ्यात या शहराला तोड नाही. साग्रादा फामिलियाच्या पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत, पश्चिमेकडच्यांना लाल-नारिंगी. हिवाळ्यात सूर्य खालून चालतो, त्यामुळे दुपारी तीनच्या पुढे पश्चिमेचं ऊन तिरपं आत येतं आणि झाडांसारखे फांदणारे ते दगडी खांब केशरी होत जातात. म्हणून दुपारी तीनच्या आसपासचं तिकीट घ्या, सकाळचं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. 1882 मध्ये पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी गौदीनं काम हाती घेतलं आणि 1926 मध्ये तो गेला तेव्हा चर्च अर्धंही उभं नव्हतं. त्या उजेडात शेजारी शेजारी बसून राहिलात तर हे सगळं वाचण्याचीही गरज वाटत नाही. त्याच संध्याकाळी पालाउ दे ला म्युझिकामधल्या एखाद्या मैफिलीची तिकिटं मिळाली तर सोडू नका. 1908 मध्ये पूर्ण झालेलं ते सभागृह छताच्या मधोमध खाली उतरलेल्या रंगीत काचेच्या घुमटासाठी ओळखलं जातं.

व्हॅलेन्सियात इतकं तिकिटांचं काही नाही, आणि दोघांच्या सहलीला नेमकं तेच मानवतं. शहराच्या मधून तुरिया नदी वाहायची. ऑक्टोबर 1957 च्या महापुरात शहर बुडालं, तेव्हा नदीचा प्रवाह दक्षिणेकडे वळवला गेला. कोरड्या पात्रात मोठा रस्ता काढायचं घाटत होतं, पण लोकांनी तिथे हिरवळ हवी म्हणून जोर धरला. आज त्याच पात्रात सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. पुलांखालून, संत्र्या-पाइनच्या झाडांमधून दोन भाड्याच्या सायकलींवर जात राहायचं आणि शेवटी कालात्रावा या वास्तुकाराच्या पांढऱ्याशुभ्र विज्ञाननगरीपाशी पोचायचं. वाटेत कुठेही थांबा, कोणती वेळ चुकत नाही. रस्त्याकडेच्या झाडांवर संत्री लगडलेली दिसतील, ती तोडू नका, बहुतेक कडूजार असतात. खायची संत्री मेर्कादो सेंत्राल या 1928 च्या बाजारात घ्या, हंगाम ऐन भरात असतो. बाजार दुपारी तीनला बंद होतो आणि रविवारी सुट्टी. समोरच रेशीमबाजाराची जुनी इमारत आहे, ला लोंखा. तिथले पीळदार खांब पाहायला अर्धा तास पुरतो.

आता जेवण. पाएला, म्हणजे कढईत शिजवलेला केशरी भात, बार्सिलोनाची समजून तिथे रात्री मागवणारे पुष्कळ. ती मुळात व्हॅलेन्सियाची, आणि तिथली माणसं ती दुपारीच खातात. अस्सल पाएलात कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, मोठा पांढरा वाल आणि केशर असतं. मासे-कोळंबीची वेगळी. तांदूळ पसरट कढईत बोटभर जाडीचाच थर देऊन शिजवतात आणि तळाला सोकाराट नावाची खमंग खरवड धरली की काम जमलं. बहुतेक ठिकाणी निदान दोघांसाठीच ऑर्डर घेतात. कढई मधोमध येते आणि दोघं आपापल्या बाजूनं खात मध्यापर्यंत पोचतात. यापेक्षा छान दुपार मला सांगता येणार नाही. शाकाहारी असाल तर भाज्यांची पाएला मिळते, पण 'कॅल्दो', म्हणजे रस्सा, कशाचा आहे ते विचारून घ्या. भाज्या वर आणि खाली कोंबडीचा रस्सा असं होऊ शकतं. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळेत भोपळ्याचे गरम बुन्येलोस, म्हणजे तळलेली गोड भजी, आणि घट्ट चॉकलेट.

बार्सिलोनाची बाजू इथेही पडती नाही. जानेवारी ते मार्च तिथे काल्सोतादा रंगते. काल्सोत म्हणजे पातीच्या कांद्याचा लांब, गोड भाऊ. तो विस्तवावर बाहेरून काळा होईपर्यंत भाजायचा, साल ओढून काढायचं, बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवायचा आणि मान वर करून तोंडात सोडायचा. गळ्यात लाळेरं बांधून, हात काळे करून, आपल्याकडच्या हुरडा पार्टीसारखंच. यात मात्र दोघांपेक्षा टोळकं बरं.

व्हॅलेन्सियाची एक संध्याकाळ अल्बुफेरासाठी राखून ठेवा. शहराच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर हे गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आहे आणि भोवती भातखाचरं. शहरबसनं एल पाल्मार गावापर्यंत जाता येतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला ही खाचरं मुद्दाम पाण्यानं भरून ठेवतात, त्यामुळे साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत सरोवर कुठे संपलं आणि शेत कुठे लागलं ते कळत नाही. पक्षी उतरलेले असतात. पाचच्या आत होडीत बसा, सूर्य पाण्यापलीकडे बुडताना दिसेल. वारा बोचरा असतो, स्कार्फ दोघांसाठी दोन घ्या.

व्हॅलेंटाइन डे गाठायची धडपड करू नका. बार्सिलोना ज्या कातालुन्या प्रांतात आहे, तिथला प्रेमिकांचा मोठा दिवस 23 एप्रिलचा सांत जोर्दी; गुलाब आणि पुस्तक द्यायचं. व्हॅलेन्सियात तो 9 ऑक्टोबरला. रेशमी रुमालात बांधलेली मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईची, इवली फळं द्यायची. हिवाळ्यात दोन्ही नाहीत. मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा काळ सगळ्यात निवांत आणि खोल्याही त्या मानानं स्वस्त. 5 जानेवारीच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते, ती पाहायची असेल तर आधी जा, मात्र 25 डिसेंबर, 1 आणि 6 जानेवारीला बरंच काही बंद असतं. बार्सिलोनात 26 डिसेंबरलाही सुट्टी असते. तिथे फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला मोबाइल कंपन्यांचं जागतिक संमेलन भरतं, तेव्हा हॉटेलांचे दर कडाडतात. व्हॅलेन्सियात डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन असते, तो आठवडा टाळा. 1 मार्चपासून तिथे रोज दुपारी दोनला फटाक्यांची मास्क्लेता सुरू होते. कानठळ्या सोसत असतील तर तो अनुभव जरूर घ्या, निवांतपणा हवा असेल तर फेब्रुवारीतच परता.

दुबई किंवा दोहाहून बार्सिलोनाला थेट विमानं आहेत, म्हणून मुंबईहून तिथे एका थांब्यात पोचता येतं. तिथेच उतरा, प्रवासाचा शीण जाईपर्यंत एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला साग्रादा फामिलिया पाहा आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं व्हॅलेन्सिया गाठा. परतीचं विमान बार्सिलोनाहूनच असेल तर आदल्या संध्याकाळी परत या, त्याच दिवशी गाडी आणि विमान जोडू नका. आणि व्हॅलेन्सियात जुन्या इमारतीतला फ्लॅट घेणार असाल तर बुकिंगआधी 'कालेफाक्सियोन', म्हणजे खोली गरम ठेवायची सोय, आहे का ते विचारा. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या त्या फरशीच्या घरांत जानेवारीची रात्र फार गार जाते.