जुन्या संगणकांचा छंदसंग्रह (सोलापूर)

वापरातून गेलेले संगणक, रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॅल्क्युलेटर, पेजर, मोबाइल अशी उपकरणे हौसेने जमवून ती शक्य तोवर चालू ठेवण्याचा छंद. नाणे पेटीत पडून राहिले तरी नाणेच राहते. संगणक सुरू झाला नाही तर हाती उरतो तो नुसता डबा. म्हणून या छंदात जमवण्यापेक्षा दुरुस्तीचा वाटा मोठा असतो आणि संग्राहकाला निम्मा मेकॅनिक व्हावेच लागते.

सोलापुरात अशा संग्रहाची पहिली वस्तू संगणक नसावी, मागावर नक्षी उतरवणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असावी. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच कार्डांतून उतरते. एक कार्ड म्हणजे बाण्याच्या धाग्याची एक फेक. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे रेटली जाते व धागा खालीच राहतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्या दोनच खुणांत अख्खे वेलबुट्टीचे काम लिहून ठेवण्याची ही रीत फ्रान्समधील लिऑं शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास रूढ केली. इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने अ‍ॅनालिटिकल एंजिन या आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच कार्डे योजली. 1890 ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या कार्डांवर मोजली, आणि 1928 मध्ये आयबीएम या अमेरिकी कंपनीचे 80 स्तंभांचे कार्ड आले. हातमाग-यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या मुलाला संगणक समजावून सांगायला याहून सोपी वाट नाही; निम्मी गोष्ट त्याने माळ्यावर पाहिलेली असते.

पुढची यंत्रे बहुधा भंगाराच्या गाड्यांवरून येतात. 1984 साली शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणकशिक्षण प्रकल्पातील बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक, टीव्हीला जोडून कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम (1982) ही दुर्मीळ रत्ने. आयबीएम पीसीच्या (1981) वळणावर जुळवलेले एक्सटी आणि एटी जातीचे संगणक त्यामानाने मिळतात. सर्वांत मुबलक आहेत ती पेंटियम प्रोसेसरच्या काळातील यंत्रे. एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमामुळे 2001 नंतर महाराष्ट्रात गल्लोगल्ली संगणक वर्ग निघाले. ते बंद पडले किंवा त्यांनी सपाट पडदे घेतले, तेव्हा जड पिक्चर ट्यूबचे मॉनिटर किलोवर विकले गेले. मोबाइलमध्ये टॉर्चवाला नोकिया 1100 (2003) अजूनही सहज सापडतो. रेडिओबरोबर पोस्टातून मिळणारे परवाना-पुस्तक आले तर ते अवश्य जपावे. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे, हे त्या तिकिटे लावलेल्या पानांशिवाय आज कुणाला खरे वाटत नाही.

आणलेले यंत्र थेट प्लगमध्ये खोचणे ही या छंदातली सर्वांत महागडी चूक. जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक त्यासाठी सिरीज बोर्ड वापरतात: 100 वॅटचा साधा दिवा यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडायचा. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण जळाले काही नाही. त्याआधी झाकण उघडून मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी पाहावी. 286 ते 486 या प्रोसेसरांच्या बोर्डांवर ती हमखास गळते, आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. बॅटरी कापून काढावी, डाग व्हिनेगरने पुसून मग अल्कोहोलने बोर्ड स्वच्छ करावा. फुगलेले कंडेन्सर बदलावेत. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला मात्र नवख्याने हात लावू नये. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्ट साठून राहतात.

सोलापूरची हवा या कामात मित्रही आहे आणि वैरीही. किनारपट्टीसारखी दमट नसल्याने पत्र्याला गंज कमी धरतो. पण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टेपरेकॉर्डरचे रबरी बेल्ट चिकट होऊन विरघळल्यासारखे होतात, आणि धूळ फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर बसते. पिवळी पडलेली प्लास्टिकची खोकी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली की उजळतात. पिवळेपणा काही वर्षांनी परततो, तेव्हा केवळ शोभेसाठी हा खटाटोप करावा असे वाटत नाही.

या संग्रहाचा सर्वांत मोलाचा उपयोग मराठी मजकुरासाठी होतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संगणकीय अक्षरपद्धती रूढ होण्याआधी लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या देवनागरी सॉफ्टवेअरवर जुळवले जात. त्यांचा फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’ पडद्यावर रोमन अक्षरांचा चुरा होऊन उमटते. काही आवृत्त्या तर प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टात डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा खुंटा) खोचल्याखेरीज उघडतच नाहीत, आणि ते पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही. अशा वेळी विंडोज 98 चे एक चालू यंत्र, त्याचा डोंगल आणि 1.44 एमबीची फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह हे तीनही एका टेबलावर असणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. फ्लॉपी हाती येताच तिची प्रत करून घ्यावी. चुंबकीय थर सुटू लागला की दुसऱ्यांदा वाचायची संधी मिळत नाही.

सुटे भाग काढून उरलेले अवशेष कचऱ्यात टाकता येत नाहीत. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम देशात 2012 पासून लागू आहेत, सध्याचे 1 एप्रिल 2023 पासून. म्हणून तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा.

प्रत्येक यंत्रासोबत वहीत एक पान ठेवतात: कुठे मिळाले, आधी कोणत्या कामाला होते, कोणता भाग बदलला, शेवटचे कधी सुरू केले. कारखान्याच्या पगारपत्रकाला जुंपलेला संगणक आणि वर्गातला संगणक बाहेरून सारखेच दिसतात; फरक त्या पानावरच कळतो.