मोबाइलवर पान उघडताना वेळ कुठे जातो?

लिंकवर बोट टेकवल्यापासून पानाचा पहिला बाइट फोनवर पोहोचेपर्यंत साधारण चार फेऱ्या होतात, म्हणजे फोनकडून सर्व्हरकडे आणि परत अशी चार वेळा ये-जा. पहिली फेरी सर्व्हरचा पत्ता विचारण्याची, म्हणजे डीएनएसची. दुसरी टीसीपी जोडणी करण्याची, तिसरी टीएलएस कूटबंधनाची, म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येऊ नये म्हणून करायच्या बंदोबस्ताची, बोलणी करण्याची, आणि मग चौथी, खुद्द पान मागण्याची. मोबाइलची चाचणी घेताना लाइटहाउस हे गूगलचे पानाचा वेग मोजणारे साधन एका फेरीला १५० मिलिसेकंद धरते. म्हणजे ६०० मिलिसेकंद गेले आणि हाती अजून काहीच आलेले नाही. सर्व्हरने पान तयार करायला घेतलेला वेळ यात धरलेलाच नाही. कनेक्शन कितीही एमबीपीएसचे घेतले तरी हा वेळ फारसा घटत नाही, कारण तो अंतराचा आणि रेडिओ जोडणीचा आहे. वेबसाइट वेगवान करण्याचे बहुतेक काम या फेऱ्या कमी करण्यात आणि फोनवर पडणारा भार हलका करण्यात आहे.

सर्व्हरवर अजून टीएलएस १.२ चालू असेल तर कूटबंधनाला दोन फेऱ्या लागतात. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये एकच लागते. २०२२ मध्ये मानक म्हणून जाहीर झालेल्या एचटीटीपी/३ मध्ये तर जोडणी आणि कूटबंधन एकाच फेरीत उरकते. अनेक होस्टिंग सेवांमध्ये हे सेटिंगमधले एक बटण असते. ते बंद असेल तर आधी चालू करावे. इतक्या कमी श्रमात इतका फायदा पुढच्या कुठल्याच उपायात नाही.

जोडणी झाली तरी सर्व्हर सगळा मजकूर एकदम पाठवत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला माहीत नसते, म्हणून तो सहसा दहा पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवून पोच येण्याची वाट पाहतो. दहा पॅकेट म्हणजे सुमारे १४,६०० बाइट. पोच आली की वीस, मग चाळीस. पानाचा मजकूर आणि रचना सांगणाऱ्या एचटीएमएल फाइलचा आकार ६० केबी असेल तर तिला अशा तीन खेपा लागतात. म्हणून पानाचा वरचा भाग दिसायला जे लागते, ते पहिल्या १४ केबीत बसवण्याचा प्रयत्न करावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी पानाचा मजकूर जड वाटतो. पण त्या तीनपैकी पहिले दोन बाइट जवळपास तेच ते असतात आणि ब्रॉटली किंवा जीझिप या फाइल लहान करण्याच्या पद्धतींनी ते छान दाबले जातात. मात्र हे दाबणे सर्व्हरवर खरोखर चालू आहे ना, हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘कंटेंट-एन्कोडिंग’ हा हेडर पाहून तपासावे. जेपीजी चित्रे आधीच दाबलेली असतात. त्यांच्यावर जीझिप चालवून सर्व्हरला फुकट राबवू नये.

आता एचटीएमएल आले. त्यात पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलचा पत्ता आहे, सीएसएसमध्ये फॉन्टचा. आधीची फाइल वाचल्याशिवाय ब्राउझरला पुढची मागताच येत नाही, आणि सीएसएस येईपर्यंत तो पडद्यावर काही रंगवतही नाही. यातली प्रत्येक फाइल वेगळ्या डोमेनवर असेल तर पत्ता, जोडणी, कूटबंधन हे सगळे दर वेळी नव्याने. फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट लायब्ररी प्रसिद्ध सामायिक सीडीएनवरून, म्हणजे अनेक साइटना फाइल पुरवणाऱ्या सर्व्हरवरून घ्याव्यात, त्या दुसऱ्या साइटमुळे वाचकाच्या कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या फाइलच्या साठ्यात, आधीच असतील, असा सल्ला अजून दिला जातो. तो कालबाह्य आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८६ पासून आणि जानेवारी २०२१ च्या फायरफॉक्स ८५ पासून प्रत्येक साइटची कॅश स्वतंत्र ठेवली जाते. एका साइटसाठी उतरवलेली फाइल दुसरीला वापरता येत नाही. म्हणून अशा फाइल स्वतःच्याच डोमेनवर ठेवाव्यात.

चित्रांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. लाइटहाउसच्या मोबाइल चाचणीत १.६ एमबीपीएस वेग धरतात, म्हणजे सेकंदाला २०० केबी. कॅमेऱ्यातून काढलेला ३ एमबीचा फोटो तसाच चढवला तर त्या वेगाला एकट्या त्याला पंधरा सेकंद लागतील. बरे, फोनला तो लागतो तरी कशाला? ३६० पिक्सेल रुंदीच्या मांडणीचा आणि तिप्पट घनतेचा पडदा म्हणजे प्रत्यक्षात १०८० पिक्सेल. ४००० × ३००० चा फोटो १०८० रुंदीला आणला की पिक्सेलची संख्या चौदाव्या भागावर येते. फायदा केवळ डाउनलोडचा नाही. फाइल कितीही दाबलेली असली तरी दाखवताना ती उलगडावी लागते, आणि दर पिक्सेलला चार बाइट धरले तर मूळ फोटो ४८ एमबी मेमरी खातो, लहान केलेला साडेतीन. छायाचित्रांना ७२० पिक्सेलही सहसा पुरतात. छोट्या पडद्यावर फरक डोळ्याला क्वचितच कळतो.

प्रत्येक चित्राच्या ४८०, ७२०, १०८० आणि १६०० रुंदीच्या आवृत्त्या करून त्या चित्राच्या एचटीएमएल टॅगमधल्या ‘एसआरसीसेट’ मध्ये द्याव्यात आणि ‘साइझेस’ मध्ये चित्र पडद्याचा किती भाग व्यापेल ते सांगावे. हे ‘साइझेस’ बरेच जण गाळतात. मग ब्राउझर चित्र पूर्ण पडदाभर आहे असे समजतो आणि छोट्या चौकटीसाठीही मोठी फाइल उतरवतो. वेबपी किंवा एव्हीआयएफ या स्वरूपांत तेच चित्र जेपीजीपेक्षा बरेच कमी बाइटांत बसते. हलती जीआयएफ काढून तिथे आवाजाविना एमपी४ ठेवावा.

चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची ‘लोडिंग=लेझी’ ही सोय उपयोगी आहे, पण ती सरसकट सगळ्या चित्रांना लावणे ही फार सर्रास चूक आहे. वरच्या मुख्य चित्राला ती लावली की पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर ते मागतच नाही. त्या चित्राला उलट ‘फेचप्रायॉरिटी=हाय’ द्यावे. तेच चित्र सीएसएसमध्ये पार्श्वभूमी म्हणून दिले असेल तरी उशीर होतो, कारण पुढच्या फाइल आधीच हेरणारा ब्राउझरचा भाग एचटीएमएल वाचतो, सीएसएस नाही. आणि प्रत्येक चित्राला रुंदी-उंचीचे आकडे द्यावेतच. ते नसतील तर चित्र येताच खालचा मजकूर ढकलला जातो आणि वाचकाचे बोट भलत्याच लिंकवर पडते.

जावास्क्रिप्टचा त्रास निराळा. १०० केबीचे चित्र आणि १०० केबीची स्क्रिप्ट डाउनलोडला सारखीच, पण स्क्रिप्ट उलगडून वाचावी, संकलित करावी आणि चालवावी लागते. हे बहुतांशी ब्राउझरच्या ज्या मुख्य थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत होते, तोच थ्रेड बोटाच्या स्पर्शालाही उत्तर देतो. एखादे काम ५० मिलिसेकंदांहून लांबले की त्याला लांब काम म्हणतात. तेवढ्यात बटण दाबले तर फोन ढिम्म राहतो. साध्या फोनचा प्रोसेसर लॅपटॉपच्या मानाने इतका मंद असतो की लाइटहाउस मोबाइल चाचणीत प्रोसेसरचा वेग चौथ्या हिश्श्यावर आणते. स्क्रिप्टना ‘डिफर’ लावले की त्या एचटीएमएल पूर्ण वाचून झाल्यावर, दिलेल्या क्रमाने चालतात. ‘असिंक’ लावलेली स्क्रिप्ट मात्र पोहोचेल तेव्हा मध्येच घुसते, म्हणून ती फक्त स्वतंत्र कामांसाठी ठेवावी. क्रोमच्या ‘कव्हरेज’ पॅनेलमध्ये कोणत्या फाइलचा किती भाग वापरलाच गेला नाही ते दिसते. जुने प्लगइन, शेअर बटणांचे गठ्ठे, वर फिरणारा स्लाइडर हे तिथे हटकून सापडतात. स्लाइडर तर काढूनच टाकावा. व्हिडिओ प्लेअर थेट पानात बसवला तर कोणी व्हिडिओ पाहो न पाहो, शेकडो केबी स्क्रिप्ट उतरते. त्याजागी आधी चित्र दाखवून, दाबल्यावरच प्लेअर आणावा.

फॉन्टच्या बाबतीत देवनागरीला जास्त जपावे लागते. युनिकोडमध्ये लिपीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा आहेत, पण जोडाक्षरांमुळे फॉन्टमध्ये आकृत्या त्याहून कितीतरी अधिक असतात. फाइल लहान करण्यासाठी नको ती चिन्हे गाळताना आकृत्या बदलण्याचे नियम गेले, तर ‘क्ष’ आणि ‘त्र’ हलन्तासह सुटे दिसू लागतात. झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे अदृश्य चिन्ह, हेही ठेवावे, नाहीतर जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरातले ‘सुर्‍या’सारखे शब्द मोडू शकतात. वॉफ२ हे दाबलेल्या फॉन्ट फाइलचे स्वरूप, फार तर दोन जाडी, आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ एवढे पुरे. स्वॅप नसेल तर फॉन्ट येईपर्यंत बहुतेक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतात.

न बदलणाऱ्या फाइलना कॅशची मुदत वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद द्यावी. मात्र फाइलच्या नावात आवृत्तीची खूण हवी, नाहीतर बदल केला तरी वाचकाला जुनेच रूप दिसत राहील.

मोजमाप करताना तीन आकडे पाहावेत: मुख्य घटक अडीच सेकंदांत दिसणे, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद, आणि मांडणी सरकण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत. चारपैकी तीन भेटींमध्ये हे साधले तर पान चांगले मानतात. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या चाचणी-साधनात वरच्या बाजूला खऱ्या वाचकांचे आकडे असतात, पण ते मागच्या २८ दिवसांचे एकत्रित. आज केलेल्या दुरुस्तीचा परिणाम त्यात पूर्ण उतरायला महिना लागतो. तोवर त्याच साधनातली खालची प्रयोगशाळेतली चाचणी पाच वेळा चालवून मधला आकडा घ्यावा, आणि एका वेळी एकच बदल करावा.