बाहेर जाणारा मेलही तपासा

मार्च १९९९मध्ये पसरलेला मेलिसा व्हायरस वर्डच्या फाइलमध्ये दडून यायचा. फाइल उघडली की आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून मोकळा. मेल ओळखीच्या माणसाकडून आलेला, म्हणून घेणाराही बिनधास्त उघडायचा. तरीही पुष्कळ कार्यालयांत आजसुद्धा पहारा असतो तो फक्त येणाऱ्या मेलवर.

मेलिसासारखा व्हायरस कार्यालयाच्या मेल सर्व्हरमधूनच, म्हणजे सगळ्यांचा मेल पाठवणाऱ्या यंत्रातूनच, बाहेर पडतो, त्यामुळे तिथला स्कॅनर त्याला अडवू शकतो. जोडलेली फाइल सुटी करायची, झिप असेल तर उघडायची आणि माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांशी ताडून पाहायची, एवढंच त्याचं काम.

जानेवारी २००४मधल्या मायडूम व्हायरसने मात्र ही वाटच टाळली. मेल पाठवण्याची यंत्रणा त्याने सोबतच आणली होती. संगणकातल्या फाइलींमधून पत्ते गोळा करून तो पोर्ट २५वरून, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या ठरलेल्या दारातून, थेट परक्या सर्व्हरला गाठायचा. आपल्या सर्व्हरवरच्या स्कॅनरला त्याचा पत्ताही लागत नसे.

म्हणून फायरवॉलवरचा, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याचा, एक नियम मला स्कॅनरइतकाच महत्त्वाचा वाटतो: पोर्ट २५वरून बाहेर जाण्याची मुभा फक्त मेल सर्व्हरला. बाकीच्या संगणकांनी आपला मेल पोर्ट ५८७वर, पासवर्ड देऊन, त्याच्याकडेच सोपवायचा. अडवलेल्या प्रयत्नांची नोंद लॉगमध्ये ठेवायची आणि ती रोज वाचायची. हिशेब विभागातला संगणक मध्यरात्री शेकडो अनोळखी सर्व्हरांशी जोडू पाहतोय, हे तिथेच दिसतं. बाहेरून आलेल्या व्हायरसच्या मेलवरचं पाठवणाऱ्याचं नाव बहुधा खोटं असतं. क्लेझ व्हायरसने २००२मध्ये हा उद्योग जोरात केला आणि निरपराध लोकांना ‘तुमच्याकडून व्हायरस आला’ अशा सूचना गेल्या. आपल्या नेटवर्कमधल्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, मात्र आपल्याला ठाऊक असतो. रोगी नेमका सापडतो, तो इथेच.

हे केलं नाही, तर कार्यालयाचा सार्वजनिक आयपी पत्ता ज्यांचा मेल घ्यायचा नाही अशांच्या काळ्या यादीत जाऊ शकतो. मग बिलं, निविदा, पत्रं, सगळंच परत येऊ लागतं, आणि यादीतून नाव निघेपर्यंत सगळ्या कार्यालयाचं काम अडतं.

स्कॅनरला मर्यादा आहेतच. २००४मधल्या बेगल व्हायरसच्या काही आवृत्त्या पासवर्ड लावलेल्या झिपमधून जायच्या, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. अशा फाइली थांबवून ठेवाव्यात आणि पाठवणाऱ्याला विचारून मगच सोडाव्यात.

स्कॅनर खरोखर चालतोय का, हे पाहण्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती एखाद्या साध्या संगणकावरून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर पाठवून बघा. पोहोचली, तर बाहेरची तपासणी बंद आहे.