घाम म्हणजे जळालेली चरबी नव्हे

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांमध्ये प्लास्टिकचं जॅकेट चढवून घामाघूम होणारे हमखास भेटतात. 'जितका घाम, तितकी चरबी कमी,' हे त्यांना कुणीतरी पूर्वी सांगितलेलं असतं. ते खरं नाही, आणि उन्हाळ्यात धोक्याचंही आहे.

घाम शरीर थंड ठेवण्यासाठी येतो. त्यानंतर काट्यावर वजन कमी दिसतं ते पाणी गेल्यामुळे; तांब्याभर पाणी प्यायलात की ते परत येतं. मे महिन्यात आणि जानेवारीच्या थंडीत तोच चढ त्याच वेगाने चढलात तर घामात खूप फरक पडेल, खर्च होणाऱ्या कॅलरींत मात्र फारसा नाही.

मग अंदाज कसा बांधायचा? त्यासाठी 'मेट' हे माप आहे. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं ते 1 मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 कॅलरी. सपाटीवर झपझप चालणं 4 मेटच्या आसपास, डोंगर चढणं सुमारे 6. मेट, वजन आणि तास यांचा गुणाकार करायचा. 60 किलोच्या माणसाने अर्धा तास चढ चढला तर 6 × 60 × 0.5, म्हणजे 180 कॅलरी. यातल्या 30 तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या! व्यायामाच्या खऱ्या 150.

हाही सरासरीचाच अंदाज. वय, सवय, पाठीवरचं ओझं यांनी तो बदलतो. पण घामाने भिजलेल्या बनियनपेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे. ते जॅकेट तेवढं घरी ठेवा, आणि पाण्याची बाटली सोबत घ्या.