शंभर अणू गुंतवले, हाती काय लागलं?

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर मारायच्या आधी तळहातावर नारळ ठेवून वावर पालथं घालणारा पाणाड्या अजूनही बोलावला जातो. नारळ उभा झाला की पॉइंट पक्का! उद्या ‘क्वांटम’ लेबलचं मशीन धुऱ्यावर आलं तर त्यालाही हळद-कुंकू लागेल. एंटँगलमेंटने, म्हणजे अणू एकमेकांत गुंतवून त्यांची एकच सामाईक अवस्था केल्याने, मोजमाप कितीतरी पट अचूक होतं, हे ऐकलेलं असतं. नॉइजचं, म्हणजे मोजमाप बिघडवणाऱ्या बाहेरच्या धक्क्यांचं, कोणी सांगत नाही.

अणू चुंबकीय क्षेत्र मोजतो ते आपली फेज (घड्याळाच्या काट्यासारखी त्याची आतली स्थिती) किती सरकली यावरून. १०० सुटे अणू मोजून सरासरी काढली, तर चूक एका अणूच्या चुकीच्या १/√१००, म्हणजे दहाव्या भागावर येते. हेच अणू ‘सगळे वर’ आणि ‘सगळे खाली’ अशा एकाच जोड-अवस्थेत गुंतवले, तर फेज १०० पट वेगाने सरकते आणि चूक शंभराव्या भागावर.

आता नॉइज आणा. समजा, सुट्या अणूची फेज १ सेकंद टिकते. प्रत्येक अणूला वेगवेगळे धक्के बसत असतील, तर शंभरातला एक बिघडला तरी अख्खा गट बिघडतो. गटाचं आयुष्य उरतं १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात १०० पट वेगाने सरकून फेज पोचते कुठवर? सुटा अणू सेकंदात पोचतो तिथवरच. सेकंदभरात असे १०० प्रयोग करून सरासरी काढली की चूक पुन्हा दहावा भागच. सुसाना हुएल्गा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हा मुद्दा मांडला. अर्धवट गुंतवलेल्या अणूंनी थोडं साधतं, पण अशा नॉइजमध्ये अणू कितीही वाढवले तरी अचूकतेची मजल सुट्या अणूंच्या सुमारे १.६५ पटीच्या पुढे जात नाही.

वाट सापडते ती नॉइज सामाईक असतो तिथे. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने कॅल्शियमचे दोन आयन (विद्युतभारित अणू) गुंतवले. ते इतके जवळ होते की चुंबकीय क्षेत्राचा चढउतार दोघांनाही सारखाच जाणवणार. प्रत्येक आयनच्या अवस्थेला m नावाचा एक अंक असतो; तो आयन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेशी कसा रोखलेला आहे ते सांगतो. दोन आयनांचे m धरून जोड-अवस्थेचा एक भाग (−५/२, +३/२) आणि दुसरा (−१/२, −१/२) असा निवडला. चुंबकीय परिणाम या m अंकांच्या बेरजेवर चालतो, आणि दोन्हीकडे बेरीज −१. म्हणजे नॉइज दोन्ही भागांना सारखाच ढकलतो आणि फरकात उरतच नाही. त्यांना मोजायचा होता विद्युतक्षेत्राच्या उताराचा, म्हणजे ते जागोजागी किती बदलतं त्याचा, परिणाम; तो चालतो m च्या वर्गावर: एकीकडे ३४/४, दुसरीकडे २/४. नॉइज गेला, सिग्नल राहिला. निव्वळ अंकगणित, पण काय बेमालूम!

जमिनीखालचं शोधणारं क्वांटम यंत्र खरोखर आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये सुमारे एक मीटर खोलीवरचा बोगदा गुरुत्वाकर्षणावरून शोधला. एकावर एक ठेवलेले रुबिडियम अणूंचे दोन ढग एकाच लेझरने मोजले, त्यामुळे जमिनीची थरथर वजाबाकीत गेली. त्यात एंटँगलमेंट नव्हतंच. शिवाय लहान पोकळीमुळे पडणारा गुरुत्वाचा उतार (दोन ढगांच्या उंचींवरच्या गुरुत्वातला फरक) अंतराच्या घनाने घटतो: तीच पोकळी १०० पट खोल असेल तर सिग्नल १० लाख पट क्षीण. बेसाल्टमधली बोटभर भेग तर बोगद्यापुढे काहीच नाही.

तोवर पाणी शोधायला विद्युतरोधकता सर्वेक्षण बरं; जमीन करंटला किती अडवते ते त्यात मोजतात. एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून करंट सोडायचा, आतल्या दोन्हींत व्होल्टेज मोजायचं. ओला, भेगाळलेला खडक करंट सहज नेतो. बाहेरच्या सळयांमधलं अंतर मात्र हव्या त्या खोलीच्या तीन-चार पट लागतं, म्हणजे वायर बहुधा शेजाऱ्याच्या वावरातूनच न्यावी लागते.